पेडण्याचे घर आणि माझा दाखला

मी, दत्ताराम विष्णू च्यारी, वय सुमारे अठ्ठावन्न, धंदा होड्या बांधणे, राहणार मालवण, जिल्हा रत्नागिरी, माझी बुद्धी ठिकाणावर असताना व कोणाच्या दडपणाखाली न येता हे स्वहस्ते लिहून ठेवतो.

१. मालवणातील राहते घर व मागील चार माड पत्नी सत्यवतीला. तिच्यामागे मुलगी हिरा हिला.

२. माझी सर्व हत्यारे जावई काशीराम यास. लाकूड तासायचा वाकस मात्र त्याने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. दुसरा तो धार लावताना बिघडवतो.

३. माझा जन्म गोव्यात, पेडण्यास. विसाव्या वर्षी कामासाठी मालवणात आलो, इथेच लग्न केले. सन १९५५ साली गोव्याची सरहद्द बंद झाली आणि माझ्या हातच्या होड्यांतून मासे आणणाऱ्या गावात मी परका ठरलो. दर महिन्याला पोलीस चौकीत हजेरी. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज केला. तीन वर्षांनी रत्नागिरीस बोलावणे आले. कारकून म्हणाला, "पोर्तुगीज राज्याशी निष्ठा सोडतो, असे मोठ्याने म्हणा." मी म्हटले. दाखला घेऊन परत येताना सत्यवतीसाठी चाफ्याची वेणी घेतली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, तो मी नाकारत नाही.

त्याच आनंदात पेडण्यातील धाकटा भाऊ शंकर यास मी भारतीय झाल्याचे पत्र लिहिले. ते पत्र तिकडच्या कचेरीत दाखवून त्याने वडिलांचे घर एकट्याच्या नावे करून घेतले. एवढे मी सोसले असते. पण आईला त्याने सांगितले की दत्तारामाने घर आणि आई दोन्ही सोडल्याचे लिहून दिले आहे. तिला वाचता येत नव्हते. सन १९६० साली ती गेली. मला निरोप नाही.

गोवा मुक्त झाल्यावर मी तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यास गेलो. शेजारच्या सुभद्राकाकीने सांगितले, "म्हातारी सगळ्यांका इचारी, 'दत्तान माका सोडल्यान म्हणान लिवन दिल्यान?'" शंकर ओटीवर बसून होता. मी आईबद्दल विचारले, "आवशीक खोटा कित्याक सांगितलंस?" तो म्हणाला, "आता मीय भारतीय झालंय. माका खंय शपथ घेवची लागली?"

४. नागरिकत्वाचा दाखला हिराने जपावा. त्यात मी एक राज्य सोडले आहे, दुसरे पत्करले आहे. ते खरे आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आईचे नाव त्यात कुठेही नाही. नातवंडांना वाचता येऊ लागले की त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा.

५. पेडण्याच्या घरातील माझा हिस्सा मी सोडलेला नाही. तरीही माझ्या वारसांनी त्यासाठी दावा लावू नये. कोर्टात माझ्या आईविषयी खोटेनाटे बोलले जाईल, ते मला नको.

६. माझ्या मृत्यूची तार शंकरला त्याच दिवशी करावी. मला जे मिळाले नाही, ते त्याला मिळावे. तो आला तर अंघोळीला पाणी द्यावे, जेवू घालावे. खांदा देऊ देऊ नये.

हे मी वाचून पाहिले. एकही अक्षर बदलायचे नाही.

सही: दत्ताराम विष्णू च्यारी
साक्षीदार: दाजी गोविंद तांडेल, तारकर्ली
गुरुदास रामचंद्र परुळेकर, शिक्षक, मालवण
मुक्काम मालवण, दिनांक १४ मार्च १९६४