बैठकीतला तलाव

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळ.
निर्णय पक्का. बैठकीत प्लांटेड अ‍ॅक्वेरियम करायचं. साधी मासे-पेटी नाही. पाण्याखालचं जंगल. व्हिडिओ पाहून झाले, माझ्यात हे आहेच असं जाणवलं.
चेतना म्हणाली, कायले? म्हटलं, आपण कोहळी आहोत. तलाव बांधणं आपल्या रक्तात आहे. माझे आजोबा बकारामजी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले की गाव गप्प व्हायचं. मी गोंदियात बी-बियाणं आणि खतं विकतो, पण रक्त रक्त असतं.
ती म्हणाली, बोदलकस्याच्या तलावावर पिकनिकला गेलो की तुमी गाडीतून उतरत नाही, अन् घरात तलाव?
गाडीला कुणीतरी पाहिजे असतं. हे बायकांना कळत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
दुर्गाप्रसादच्या दुकानातून सगळं आणलं. टाकी, फिल्टर, लाईट, काळी माती, झाडं. तो म्हणाला, भैया, मछली भी आज ही ले जाओ, ताजा माल है. घेतली. व्हिडिओतला पोरगा सांगतो की टाकी लावल्यावर महिनाभर मासे सोडू नका. तो वेळकाढू दिसतो. मी व्यापारी माणूस आहे.

१० नोव्हेंबर, रविवार.
टाकी लागली! मागे लांब पातीचं गवत, मधे दगड, पुढे लाल झाडं, गप्पी आणि लाल तलवारशेपट्या मासे. फोटो काढले. नागपूरच्या स्पर्धेत पाठवायचा विचार आहे. पहिल्या तीनात यायला हरकत नाही.
माय सकाळपासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसली आहे. दसऱ्याला तिला गावाहून इकडे आणलं, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसायची. गावी गॅस सुरू करून विसरत होती म्हणून आणावं लागलं. आता बघा, काच सोडून हलत नाही. मला विचारलं, हा तलाव कोनाचा? म्हटलं, माझा. म्हणाली, पाळ पक्की हाये का?
कलेची जाण मायला पहिल्यापासून आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार.
झाडं पिवळी पडून राहिली. व्हिडिओवाले सांगतात, अ‍ॅक्वेरियमचं वेगळं खत घ्या. हसू आलं. अख्ख्या तालुक्याच्या धानाला खत देणाऱ्या माणसाला हे शिकवतात. दुकानातला युरिया टाकला. चिमटीनेच. मग अंदाज कमी वाटला म्हणून पुन्हा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
पाणी दुधासारखं. सगळे मासे उताणे.
कारण सापडलं. टाकीच्या तळाशी भाताची शितं आहेत. माय जेवताना आपल्या ताटातला भात टाकीत टाकते. पाणी सडणारच. चेतना युरिया युरिया करत होती. युरिया विरघळतो, म्हणजे संपला. शितं डोळ्यांनी दिसतात.
मायला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मंग तो का खाईन?

१ डिसेंबर, रविवार.
पाणी सगळं बदललं होतं, आता काचेसारखं आहे. नवे मासे मजेत. गवत तर असं वाढलं की पाण्याच्या वर येऊन आडवं पसरलं. खाली हिरवा अंधार. फारच सुंदर.
माय टाकीत पाहून कोणाशी तरी बोलते. माशांशी नाही. आज मी विचारलं, कोणाशी बोलून राहिली? म्हणाली, योग्याशी.
योगराज म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहान असताना गेला. गावच्या तलावात शिंगाडे काढायला उतरला, गवतात पाय गुंतला. मला फारसं आठवत नाही. मी शाळेत होतो.
लाल झाडांना लोह कमी पडतंय. बघतो.

८ डिसेंबर, रविवार.
टीव्ही आतल्या खोलीत नेला. तिथे चित्र चांगलं दिसतं. जेवणही आतच घेतो. टाकीच्या लाईटने डोळे चुरचुरतात, म्हणून सध्या बैठकीत बसत नाही. अ‍ॅक्वेरियमची मजा मात्र पूर्ण घेतो आहे. दारातून दिसतं.
माय आज गवताकडे बोट दाखवून म्हणाली, पाय दिसून रायला. मी ठणकावून सांगितलं, तो तलवारशेपट्या आहे. ती हसली. लहान पोराच्या थापेला हसतात तशी.

१५ डिसेंबर, रविवार.
कडाक्याची थंडी. सकाळी पाहतो तर टाकीवर गोधडी! लाईट, काच, सगळं झाकलेलं. खालून फिल्टर गुरगुरतो आहे. क्षणभर वाटलं कोणीतरी निजलं आहे. अर्थात असं काही वाटलं नाही, उजेड कमी होता.
ओरडलो. झाडांना प्रकाश लागतो, कळत नाही का! माय शांतपणे म्हणाली, "पोराले थंडी वाजून रायली, अन् तू दिवा लावून पाहून रायला."
बाजारातून हीटर आणला. माशांसाठी. मायला सांगितलं, पाणी आता गरम राहील. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

२२ डिसेंबर, रविवार. दुपार.
लाईन गेली. फिल्टर बंद, फ्रिज बंद, शेजारच्यांचा टीव्हीही बंद. माय म्हणाली, चूप, आता आयकू येते.
मी थांबलो. फिल्टर तपासायला. पाण्यातून एक बुडबुडा वर आला. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात, शास्त्र आहे.
गाडी काढून दुकानात गेलो. रविवारी दुकान बंद असतं. तरी म्हटलं माल पाहून घ्यावा. दिवे लागेपर्यंत पाहिला. माल बरोबर आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार.
गावाहून केवळराम काका आले. वडिलांचे चुलतभाऊ. तब्येतीने ठीक, पण डोकं काम करत नाही आता, बिचाऱ्यांचं.
मायला टाकीसमोर पाहून त्यांचा चेहरा उतरला. चेतनाने विचारलं, तर सगळंच सांगत बसले. योगराज सापडत नव्हता. ढिवर, म्हणजे मासेमार, उतरले, जाळी टाकली, तरी नाही. तेव्हा मायने आजोबांचे पाय धरले. म्हणाली, मामंजी, पाळ फोडा. तलाव रिता करा, पोरगा दिसन. आजोबा म्हणाले, धान लोंबीत आहे, पाळ फोडली तर गाव उपाशी मरते. गावातला एक माणूस बोलला नाही. ती पाळीवरून उठली नाही. मग तो आपणच वर आला.
चेतना पदराने डोळे पुसत होती. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् हा लीलाधर तिच्या मांडीवर. तलावाकडं पाहे अन् पाहे. पाऊस लागेपरेंत तोंडातून शब्द नाई काढला यानं."
मी चहाचे कप आत नेऊन ठेवले.
काकांचं वय झालं. मी शाळेत होतो.

१० जानेवारी, शुक्रवार.
मायने जेवण सोडलं. ताट समोर ठेवलं की टाकीकडे बोट करते. पोट्टा आत हाये, मी कशी जेवू. डॉक्टरांनी सलाईन लावली, ती तिने ओढून काढली.
काल मला म्हणाली, पाळ फोड.
चेतना म्हणते, आजच रिकामी करा. मी म्हटलं, टाकी आत्ता कुठे जमली आहे. स्पर्धेचा फोटो व्हायचा आहे. म्हाताऱ्या माणसांचं आज एक, उद्या एक. ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मला दुसऱ्या खोलीत काम निघालं.

१२ जानेवारी, रविवार.
तोडगा काढला. अर्धं पाणी काढलं. अर्धं पाणी बदलणं तसंही गरजेचं होतं, म्हणजे यात माघार नाही.
माय खुर्चीच्या काठावर येऊन पाहत होती. मी थांबलो तशी म्हणाली, इतकंच तर त्यायनंबी केलं होतं. वरवरचं पानी सोडलं अन् थांबले, पाळ नाई फोडली.
आजही जेवली नाही. तिचा हात धरून पाणी पाजताना मनगटावरची कातडी सैल मोज्यासारखी लागली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
सकाळी मासे बादलीत काढले. नळी तोंडाने ओढून पाणी सुरू केलं. तोंडात आलं. चव गाळाची. नळीचं दुसरं टोक अंगणात. पाणी तुळशीच्या बाजूने रस्त्यावर गेलं, शेजारीण तिळगूळ घेऊन आली ती पाण्यातूनच आली आणि काही न विचारता परत गेली.
पाणी उतरलं तसं गवत खाली बसत गेलं. शेवटी ते सगळं गाळावर आडवं झालं, केसांसारखं. माय उठली. किती दिवसांनी आधाराशिवाय उठली. टाकीत हात घालून एकेक पात बाजूला करू लागली. मला म्हणाली, तू तिकडून पाह्य.
मी हात घातला. कोपरापर्यंत. पाणी थंड होतं, हीटर कधीचा बंद होता. दगड उचलून पाहिले. दगडाखाली पाहिलं. मातीत बोटं घालून कोपरे पाहिले. काय शोधत होतो ते माहीत नाही, पण नीट शोधलं. चेतना दारात उभी होती. ती नंतर म्हणाली, माय थांबल्यावरही तुमी शोधतच होता. तिला तसं वाटलं असेल.
माय म्हणाली, "नाई ना?"
"नाई."
"नीट पायलं?"
"नीट पायलं, माय."
"मंग घरी गेला असन तो," ती म्हणाली, आणि खुर्चीत टेकली. लांब श्वास सोडला. मग भात मागितला. वरण-भात जेवली, वर तिळगूळ खाल्ला. चेतना भरवत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.
स्पर्धेचा फोटो राहिला. हरकत नाही. मला पाण्यापेक्षा कोरड्या काचपेटीतली झाडं जास्त जमतील असं पहिल्यापासून वाटत होतं.
मी गाळाचे हात धुऊन आलो. तिच्याजवळ बसलो. बैठकीतच. तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाली, "लय भले मानूस हा जी तुमी. कोनी नाई आयकलं, तुमी आयकलं. कोन्या गावचे?"
मी गावाचं नाव सांगितलं.
"आमचंच गाव!" ती खूश झाली. "मंग माह्या मोठ्या पोराले वळखत असान. लीलाधर. तवापासून पान्याले भेते तो. सांगत नाई कोनाले, पन भेते. त्याले येवढं सांगजा, भाऊ तलावात नाई."
सांगतो, म्हटलं.
संध्याकाळ झाली. अजून सांगितलेलं नाही.