बाबांचा नवा दोर

हाटकेश, मीरा रोड
२० मे २०२६

प्रिय आनंदी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. सान्वीच्या शाळेला सुट्टी आहे आणि जितेशच्या ऑफिसची रड नेहमीचीच.

तुझा व्हिडिओ पाहिला. तौक्ते वादळाला पाच वर्षं झाली म्हणून तू कोळीवाड्यात खाडीचं पाणी कसं शिरलं ते सांगतेस, भिंतीवरची खूण दाखवतेस. साडी छान होती. बाबांच्या शेजारी तूच उभी, हेही नेहमीचंच. खाली लोकांनी लिहिलंय, 'लेक असावी तर अशी.' मी ते चार वेळा वाचलं आणि कशालाच अंगठा दिला नाही.

तुला सगळं न मागता मिळतं. बाबांनी होडी बांधली तेव्हा थोरली मी होते, पण नाव लागलं 'आनंदी'. "तू आता सासरची हाय. होडीला घरातल्या पोरीचं नाव बरं," म्हणाले. मी पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

वादळाच्या सकाळी तू फोन केलास. तेव्हा मी दोन गल्ल्या सोडूनच राहायचे. "ताय, बाबांचा नवा दोर तुझ्याकडं हाय काय? होडीचा जुना टिकनार न्हाय."

मी म्हटलं, "न्हाय."

तो माझ्या पलंगाखाली होता. छपरावरची ताडपत्री बांधायला बाबांनीच दिला होता. मला वाटलं, 'आनंदी'लाही एकदा धक्के बसू देत. होडी जाईल असं वाटलं नव्हतं गं. पण धक्के बसावेत, असं मात्र नक्की वाटलं होतं.

दुपारी जुना दोर तुटला. बाबा कमरेइतक्या पाण्यात तो धरून उभे राहिले. दोन्ही तळहात सोलून निघाले, आणि होडी जेटीवर आपटून फुटली. तेव्हापासून ते दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. त्या दिवशी सगळ्यांत जास्त मी रडले, ते तुला आठवत असेल.

आणि काल तुझा फोन. नवी होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरणार आणि तिच्यावर 'सुगंधा' लिहिणार. बाबा म्हणाले म्हणे, "थोरली लय वर्सं वाट बघते."

जे हवं होतं ते मिळालं, आणि मला जेवण गेलं नाही. दोर कोणाला दिला ते बाबा विसरले, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले. ते काही विसरत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

पेंटरला रविवारपर्यंत थांबव. दोर इथे माळ्यावर आहे. तो आणून बाबांच्या हातात देते, मग नाव कोणाचं लावायचं ते त्यांनी ठरवावं. पुन्हा तुझंच लागलं तर मी पेढा खाईन. गोड लागेल, असं वचन देत नाही.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. माझं मला सांगू दे. निदान एवढं तरी माझ्याआधी तू करू नकोस.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
सुगंधाताई