निळ्या काठाची ताटली

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज झाडं झोडपायला मीच पुढं! लांब काठीनं ऑलिव्हच्या फांद्या हाणायच्या, खाली जाळी अंथरलेली, फळं टपाटप पडतात. फेर्मिन — ज्याच्या घरी मी वर्षभर राहणार तो — दोन झाडं करतो तेवढ्यात माझी तीन. वाळूजच्या कारखान्यात दोन वर्षं प्रेस मशीनवर उभा राहिलोय, हे काय काम झालं! दुपारी पाठीवर थाप मारली त्यानं. "बुदा, बुदा!" बुद्धभूषण त्याच्या तोंडात मावत नाय.
कडुबाचा नववी नापास पोरगा स्पेनमधी. पोरांना वर्षभर परदेशी शेतावर पाठवणाऱ्या संस्थेनं निवडला. गावाकडं करमाडात अजून कुणाला खरं वाटत नाय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
एक गोष्ट लिहून ठेवतो. फेर्मिनची बायको एन्कार्ना मला रोज एकाच ताटलीत वाढते. निळ्या काठाची. ती, फेर्मिन आणि त्याचे म्हातारे वडील एउसेबिओबाबा — या तिघांच्या पांढऱ्या. असंल सहज.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सहज नाय! ताटली, पेला, चमचा, छोटी कढई — माझं सगळं वेगळ्या फळीवर. घासणीसुद्धा वेगळी. डोळ्यानं पाहिलं. त्यांच्या ताटात मटण, माझ्या ताटात हरभरे नायतर मसूर.
मला कुणी समजावून सांगायची गरज नाय. भामाआजी सांगायची — हॉटेलाच्या वळचणीला आपला कप वेगळा उलटा घातलेला असायचा, चहा पिऊन आपणच विसळून ठेवायचा. ते तिच्या वेळचं. मी दोन विमानं बदलून आलोय!
यांना सांगितलं कुणी? मार्तानं. संस्थेची ती बाई दोन वर्षं संभाजीनगरात राहून आलीय, तिला आपल्याकडचं सगळं ठाऊक.

रविवार, ९ नोव्हेंबर
नोमानचा फोन. प्रेसवरचा जोडीदार माझा.
"अबे पूछ ना सीधा, भांडे अलग कायकू करके!"
मी म्हणालो, विचारायचं काय त्यात? दिसतंय की.
"तेरेकू तो पैलेसेच सब मालूम रैता, भाई." हसत होता साला. ठेवून दिला फोन.

बुधवार, १२ नोव्हेंबर
तळहाताला फोड आले. एन्कार्नानं स्वतः धुतले, मलम लावलं, फुंकर घातली. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवते रोज. हाताला हात लावते आणि ताटली मात्र वेगळी! हा कुठला न्याय?

रविवार, १६ नोव्हेंबर
निम्मी वेचणी झाली म्हणून मळ्यात जेवण होतं. बाबांनी चुलीवर भलीमोठी कढई चढवली. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, डुकराचं मटण, सगळं परतलेलं. वास असला की बस! आणि रीत तर लईच भारी. ताट-बीट नाय. सगळ्यांनी कढईभोवती कडं करायचं, एक चमचा घ्यायचा, एक पाऊल मागं सरायचं, चावत उभं राहायचं, मग परत पुढं. शेजारपाजारची धरून बारा माणसं अन् एक कढई.
मीपण चमचा घेऊन उभा राहिलो. एन्कार्ना पळत आली. दंडाला धरून बाजूला नेलं. झाडाखाली माझी छोटी कढई, निळी ताटली — वर स्वच्छ फडकं झाकलेलं. हसून म्हणते, "पारा ती." तुझ्यासाठी.
सगळ्यांदेखत!
फडकं उचललंसुद्धा नाय. निघालो. घर सहा किलोमीटर, चालत आलो. फेर्मिन गाडी घेऊन मागं आला, काच खाली करून काय काय बोलत राहिला. मी मान वळवली नाय.
मार्ताला फोन लावला. मोडकी-तोडकी हिंदी येते तिला. "घर बदलो मेरा. नहीं तो टिकट निकालो, वापस जाता मैं."
"क्या हुआ, बुदा?"
"उनकोच पूछो."

सोमवार, १७ नोव्हेंबर
मार्ता शनिवारी येणार न्यायला. दुसरं घर शंभर किलोमीटरवर. बाबांनी शेगडीपाशी खुर्ची ओढून दिली. बसलो नाय. बरोबरच केलं मी. कोपऱ्यात बसून जेवायला आलो नाय इथं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
बॅग भरली. खाली एन्कार्ना रडत होती. रडू दे.

शनिवार, २२ नोव्हेंबर
मार्ता आली. बॅग गाडीत टाकली. ती म्हणाली, "एन्कार्ना पूछती, उसका गलती क्या हुआ?" सांगून टाकलं — ताटली, फळी, घासणी, कढई. मार्तानं फायलीतून कागद काढला. मराठीतला फॉर्म. अक्षर माझं, सही माझी. "जेवण : शुद्ध शाकाहारी. घरात मटण शिजत असेल तर माझी भांडी वेगळी ठेवावी."
शहरात खोली बघत फिरायचो तेव्हा खात सगळं असलो तरी मी आणि नोमान हेच म्हणायचो — शुद्ध शाकाहारी, भांडी वेगळी. घरमालकानं विचारायच्या आधीच, नाव ऐकून त्यानं दार लावायच्या आत. तोंडपाठ झालं होतं. खाण्याचा रकाना दिसला आणि हात आपोआप चालला असणार.
मार्ता म्हणाली, एन्कार्नानं सगळी भांडी नवी विकत आणलेली. माझ्यासाठी.
पायरीवर बसून लिहितोय. बॅग गाडीतच हाय. आत वाढायचं चाललंय. मार्ता म्हणते, "मैं बोलूँ उनको?"
नाय. मीच बोलतो.