नातीची ऑर्डर आणि माझा फोन

३ तारीख, सकाळ
नात म्हणते, आजी, कोर्टात तू तोंड उघडू नकोस. मला सांगते! नवऱ्यानं मारून बाहेर काढली तेव्हा दार कुणी उघडलं? त्यानं जवळ फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, अशी कोर्टाची ऑर्डर आहे. महिनाअखेर मुदत संपते. वाढवून घ्यायचीय. मी असताना काय अडतंय.

५ तारीख
नातजावयाला फोन केला. ऑर्डरीत त्यानं करायचा नाही असं आहे. मी करायचा नाही असं कुठं लिहिलंय? अधूनमधून झाडलं की धाक राहतो. चांगला फैलावर घेतला. आजी, गुडघे कसे आहेत, म्हणाला. घरात कुणी विचारत नाही. पण मी विरघळणारी नाही. लगेच ठेवला. म्हणजे, गुडघ्यांचं सगळं सांगून झाल्यावर.

९ तारीख
परत झापला. म्हटलं, पोरीचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. स्टेशनामागच्या लॉन्ड्रीत लागलीय, दुपारची पाळी, मालकीण खूश. गप्पच झाला. जिरली!

१२ तारीख, संध्याकाळ
नात घरी आली आणि आधी दाराला कडी घातली. तो लॉन्ड्रीसमोर उभा होता. काचेतून हसला म्हणे. ह्याला पत्ता दिला कुणी? मला तिथल्या इस्त्रीवालीचा संशय आहे. तिच्या पोटात काही राहत नाही, तोंडावरूनच दिसतं. नातीला तसं सांगून टाकलं.
उद्यापासून फोन बंद.

१३ तारीख
केला. लॉन्ड्रीपाशी का गेलास म्हणून खडसवायला नको?

२० तारीख
वकीलबाई आल्या. घरातून कुणी त्याच्याशी बोलतं का, विचारलं. नात म्हणाली, छे, आम्ही दोघीच तर आहोत. मी भाजी निवडत होते. मला कुणी विचारलं नाही, म्हणजे खोटंही बोलले नाही.

२७ तारीख
दगाबाज! मेल्यानं माझं बोलणं मोबाईलवर टेप केलं होतं. भरल्या कोर्टात माझे गुडघे ऐकवले. त्याचा वकील म्हणे, इतका जिव्हाळा आहे, मग भीती कसली? आमच्या वकीलबाई म्हणाल्या, पुढचंही ऐकवा. पुढे लॉन्ड्री आली. पाळीसकट. जज माझ्याकडे बघत होते. नात बघत नव्हती.

२८ तारीख
ऑर्डर वाढली. लॉन्ड्रीच्या आसपासही फिरकायचं नाही, हे नव्यानं घातलं. माझ्या टेपमुळेच ना? पण श्रेय द्यायला मन मोठं लागतं. सकाळी उठून नात इस्त्रीवालीची माफी मागायला गेली. परक्या बाईची! माझ्याशी अबोला.
दुपारी एकदाच बोलली. म्हणाली, आजी, माझ्या पाठीवरचे वळ तूच शेकले होतेस ना?
हा काय प्रश्न झाला? मी गुडघ्यांना तेल लावत बसले.
माझा फोन तिनं उचलून स्वतःच्या खोलीत नेला. मीही कमी नाही. बजावून सांगितलं, यापुढे वाजला तर तूच उचलायचास, मला हाक मारायची नाही.