खडूने लिहिलेले आकडे

रविवार, संध्याकाळ. कोपर, घरी.

जुन्या गाडीचं इंजिन मी घरीच उघडून बसवलं. आज सकाळी सुरू झालं तेव्हा सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तिथेच स्वावलंबनावर भाषण ठोकलं. आता भीती वाटतेय.

इंजिनात पिस्टनला जोडलेले चार रॉड. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला बोल्टने बसणारी कॅप त्याचीच लागते, अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत इंजिन जॅम होऊ शकतं. म्हणून कॅपांवर खडूने आकडे घातलेले. सुनंदाने, माझ्या बायकोने, मदत म्हणून सगळं डिझेलने धुऊन लख्ख केलं. आकडे गेले. मी अंदाजाने जुळवलं आणि गप्प राहिलो. जुळल्या असतील? दोन कॅपांबद्दल खात्री नाही.

उद्या मुक्ता, माझी लेक, दोन्ही पोरांना घेऊन याच गाडीने कसारा घाटातून नाशिकला निघणार. मघाशी तिच्याकडून किल्ली मागून घेतली.

"एस.टी.ने जा. माझं चुकलंय."

"अगंबाई! हे जरा माईकवर म्हणा," सुनंदा हसली. "काय चुकलं?"

"आकडे ठोकून कोरायचे असतात. मी खडूने लिहिले."

मुक्ता हसली नाही. "मग दुपारी याच गाडीने पोरांना घेऊन कल्याणला जाऊ कसं दिलंत, बाबा?"

एवढ्या सभा गाजवल्या. आता मान खाली घालून एस.टी.च्या वेळा बघायला बसलो.