पाखऱ्याचा दाणा

तोंडवळी, ता. मालवण
९ जानेवारी २०२५

ओमकार,

इथे वर आशीर्वाद लिहायचा असतो, तो लिहवत नाही. तू तुरुंगातून दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा तो मी कापला, तुझ्या बहिणीने नाही. सृष्टीला उगाच बोल लावू नकोस. तुझा आवाज मला ऐकवत नाही, म्हणून कागद घेतला आहे, आणि तोही पाखऱ्यासाठी.

काल बाबांचं तेरावं झालं. तुझ्या जीपसमोर त्या दिवशी दोघे आले, माणूस गेला आणि घोडा राहिला. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच बोलून उठतो. कणकवलीहून जनावरांचे डॉक्टर आले होते. पाखऱ्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या हाडाला तडा गेला आहे. प्लास्टर घातलं. तीन महिने मांगराच्या छपराखालून एक पाऊल बाहेर काढायचं नाही, वळायलाही फार जागा द्यायची नाही, असं सांगून गेले. मांगराला आम्ही आडवे वासे बांधून घेतले.

पण तो खात नाही. बाबा त्याला काय आणि किती घालायचे, हे मी सव्वीस वर्षांच्या संसारात कधी विचारलं नाही. माझी सरबताची टपरी आणि चूल, तुमचा घोडा. चणे भिजवून ठेवले ते त्याने हुंगून सोडले. डॉक्टर म्हणाले, घरात त्याचं बघणारा कोण होता त्याला विचारा. बघणारे दोघे होते. त्यातला एकच उरला आहे.

काय घालायचं, किती वेळा, तेवढंच लिही. बाकी काही लिहिलंस तर मी वाचणार नाही.

मथुरा


१४ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हात सवयीने ‘सौ.’ लिहायला गेला आणि तिथेच थांबला.

तू म्हणालीस तेवढंच लिहितो. चणे खाल्ले नाहीत ते बरंच झालं. उभ्या घोड्याला दाणा नको. काम करणाऱ्या घोड्याचा दाणा वेगळा. किनाऱ्यावर दिवसभर चालायचा तेव्हा त्याला चणे, कोंडा, गूळ सगळं पचायचं. आता तो पाय रोवून उभा राहणार. दाणा घातलास तर पोट फुगेल, नाहीतर त्याची आग खुरांत उतरेल. दाणा पूर्ण बंद कर.

फक्त सड्यावरचं वाळकं गवत दे. भाताचा पेंढा नको, पोटात गोळा होतो. गवत पाण्यात बुडवून, निथळून दे, म्हणजे धूळ जाईल. दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं. एकदम भारा टाकू नकोस. त्याला दिवसभर काहीतरी चघळायला लागतं, नाहीतर तो वासे चावत बसेल. पाण्याची बादली कधी रिकामी नको. मिठाचा खडा टांगून ठेव. लीद दिवसातून आठ-दहा वेळा व्हायला हवी, ती मोज. बरगडीच्या मागे कान लाव, आत गुरगुर ऐकू यायला हवी. ऐकू आली नाही तर लगेच डॉक्टरांना बोलाव.

बाबा म्हणायचे, घोड्याच्या पोटात गेला ता गेला, परत वर येवचा नाय. माणसासारखी त्याला उलटी होत नाही. हे एवढं ध्यानात ठेव.

आज तो खात नसेल तर भूक नाही म्हणून नसेल. तो बाबांची वाट बघत असेल. गवत हातात धरून त्याच्याजवळ उभी राहा.

यापुढे लिहायची तू मला परवानगी दिलेली नाहीस.

तुझा,
ओमकार


तोंडवळी
२ फेब्रुवारी २०२५

ओमकार,

तो खातो. चौथ्या दिवशी माझ्या हातातून पहिली काडी घेतली. तू सांगितलं तसंच चाललं आहे. पहाटेला एक, मग टपरी उघडायच्या आधी, मग सृष्टी कॉलेजातून येईपर्यंत तीनदा मीच येऊन जाते. गिऱ्हाईक सरबतासाठी ताटकळतं आणि मी मांगरात घोड्याच्या पोटाला कान लावून उभी. कोणी बघितलं तर म्हणेल, मथुराबाईचं डोकं फिरलं. आतून गुरगुर ऐकू येते, पावसात वहाळ धावतो तशी. लीद काल नऊ वेळा.

स्वभाव बिघडला आहे त्याचा. सृष्टीची वेणी गवत समजून चावली. तिने त्याला शिव्या दिल्या आणि मग त्याच्याच मानेत तोंड घालून रडली. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. मला बरं वाटलं.

लोक ऐकत नाहीत. शेजारची सावित्री रोज काहीतरी घेऊन येते. कधी केळी, कधी भाकरी. परवा गूळ आणला. मी अडवलं तर मलाच विचारते, वायच गूळ घातलो तर काय बिघाडता गो, बिचारो हाडाहाडांचो झालो. बिचारा झाला आहे हे खरं. बरगड्या मोजता येतात. भरल्या घरात त्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं आणि मी मान फिरवून बाहेर येते.

डॉक्टर येऊन गेले. हाड धरतंय म्हणाले. अजून दोन महिने.

तुला तिथे जेवायला काय मिळतं ते सृष्टी विचारते आहे.

आई


९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू खाली ‘आई’ लिहिलंस. पत्र आलं त्या दिवशी मी ते चार वेळा वाचलं. सृष्टीला सांग, डाळ, भात आणि चपाती. पोटाला पुरतं.

बरगड्या दिसू देत. तो बारीक होणारच. तो तुझ्याकडे कसाही बघू दे, चमचाभरही दाणा घालू नकोस. पुढचा एक पाय दुखतो म्हणून सगळा भार दुसऱ्यावर आहे. त्या चांगल्या पायाच्या खुरात आग उतरली, तर त्याला उभं राहायला पायच उरणार नाही. सावित्रीकाकीला मांगरात येऊच देऊ नकोस.

आई, आता तू वाचणार नाहीस ते लिहितो. चाळायचं असेल तर चाळ. भाड्याने फिरायला आलेल्या पाहुण्यांनी जीप वाळूवर गरागरा फिरवून दाखवायला सांगितली. मी दारू प्यायलो नव्हतो. पोलिसांनी तपासलं, तेव्हाही काही निघालं नाही. भरती नुकतीच ओसरली होती, वाळू ओली आहे हे मला दिसत होतं. ओल्या वाळूवर ब्रेक लागत नाही हे मी दुसऱ्यांना शिकवतो. मला ठाऊक होतं, आणि तरी मी फिरवली, कारण मागे बसलेली चौघं हसत होती आणि मलाही मजा वाटत होती. बाबा पाखऱ्याला घेऊन सुरूच्या बनातून बाहेर आले. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तू टपरीतून बघत होतीस, म्हणजे पुढचं तुला ठाऊक आहे.

क्षमा मागत नाही. कशाच्या जोरावर मागू?

ओमकार


तोंडवळी
३ मार्च २०२५

चि. ओमकार,

पाखऱ्या गेला.

कसा गेला ते लिहायला तीन दिवस बसते आहे. आज लिहून पुरं करते.

गेल्या सोमवारी बाबांचं दुसरं मासिक होतं. मी वीस पानांचा स्वयंपाक केला. काळ्या वाटाण्यांची उसळ, भात, गुळाची खीर. सहा माणसं आली. बाकीच्यांनी काही ना काही कारण सांगितलं. ज्या घरातल्या मुलाने बापाला मारलं, त्या घरी जेवायला बसायचं कसं, असं त्यांना वाटत असेल. मी कोणाला दोष देत नाही. एवढं अन्न उरलं आणि मी ओट्यावर त्या भांड्यांकडे बघत बसले.

तेवढ्यात तो मांगरातून खिंकाळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. बाबा संध्याकाळी दाण्याचा तोबरा घेऊन यायचे तेव्हा खिंकाळायचा, अगदी तसा.

मी घमेलं भरलं. वाटाणे, भात, वर खीर. सृष्टी घरात नव्हती. त्याने डोळे मिटून खाल्लं, घमेलं चाटून पुसून काढलं आणि माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं. मला वाटलं, आज बाबा जेवले.

दुसऱ्या दिवशी तो मागे रेलून उभा होता, पुढचे पाय लांब टाकून. गवताला तोंड लावलं नाही. चांगल्या पायाच्या खुराला हात लावला तर तव्यासारखं गरम. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, काय घातलं होतं. मी म्हटलं, गवत. ओमकार, मी तिथे खोटं बोलले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, लीद बघायला वाकले. तेव्हा मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि इंजेक्शन भरायला घेतलं. त्यांनी ओरडायला हवं होतं.

तीन दिवस खुरांना बर्फ बांधला, इंजेक्शनं झाली. गुरुवारी तो खाली बसला तो उठला नाही. उठायचं बळ करायचा, घामाने भिजून जायचा आणि पुन्हा पडायचा. डॉक्टर म्हणाले, आता याला सोडवू या. मी हो म्हटलं. सृष्टीला बाहेर पाठवलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. सुरूच्या बनामागे जेसीबीने खड्डा काढून पुरला.

तुझं नऊ तारखेचं पत्र देव्हाऱ्याच्या फळीवर होतं. मी ते वाचलं होतं. तू चाळायला सांगितलेलंही वाचलं होतं. चमचाभरही नको, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून घातलं. त्या वेळी ते ठाऊक असणं कुठे गेलं होतं, हेच मी चार दिवस शोधते आहे.

सृष्टी मला काही बोलत नाही. जेवायला वाढते आणि समोर बसून राहते.

आई


९ मार्च २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी अंगणात जाऊन बसलो. इथल्या एकाने विचारलं, घरचं कोण गेलं का. मी हो म्हटलं.

तू मारलंस, असं माझ्याने लिहवत नाही. तुझा दोष नाही असं लिहून तुझं समाधान करावं, असं फार वाटलं. पण ते लिहिलं तर मला स्वतःलाही तसंच म्हणावं लागेल, आणि ते मी म्हणणार नाही. तू त्याला जीव लावलास हे खरं, घमेलं भरलंस हेही खरं.

खुरांना बर्फ बांधलास, ते बरोबर केलंस. बाबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं. आणि शेवटी तू त्याच्याजवळ बसलीस. बाबांच्या वेळी मी गाडीतून उतरूच शकलो नव्हतो.

वकील येऊन गेले. जामिनाचा अर्ज करू या म्हणतात. मी नको म्हटलं. घरी येऊन मी कोणत्या तोंडाने ओट्यावर बसू? मांगरही आता रिकामा. सृष्टीची परीक्षा होऊ दे. तू वेळेवर जेव.

तुझ्या पायाशी,
ओमकार


तोंडवळी
१६ मार्च २०२५

चि. ओमकार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू माझं खोटं समाधान केलं नाहीस. आलेल्यांपैकी प्रत्येकाने केलं, सावित्रीने तर रडून केलं, आणि प्रत्येकानंतर मला जास्त एकटं वाटलं. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा झोप लागली.

काल मी मालवणला वकिलांकडे गेले होते. अर्ज त्यांनी तयार ठेवला आहे. मंगळवारी ते येतील तेव्हा सही कर. तोंड कुठलं आणायचं विचारतोस, तर मीही दोन आठवडे याच तोंडाने सृष्टीसमोर बसते आहे. काल रात्रीच्या जेवणाला ती पहिल्यांदा बोलली. मीठ कमी आहे म्हणाली.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मागाहून तुला वाईट वाटायला नको. पोलिसांना दिलेला जबाब मी बदलणार नाही. वकिलांनी आडून विचारलं, गाडी तितकी जोरात नव्हती असं म्हणता येईल का. मी म्हटलं, गाडी जोरात होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. कोर्टात मला विचारतील तेव्हा हेच सांगेन. शिक्षा होईल तेवढी तुला भोगावी लागेल.

आणि ते सांगून झालं की साक्षीदाराच्या जागेवरून खाली उतरेन, तुझ्या शेजारी येऊन बसेन, आणि त्या दिवशी तुला सोडलं तर तुझ्याबरोबर एकाच एसटीने घरी येईन. नाही सोडलं तर दर महिन्याला भेटीच्या दिवशी येत जाईन.

यंदा काजू बरा धरला आहे. भेटीला येताना घेऊन येते.

तुझी आई