नवरदेवाचा अडकित्ता

चि. सौ. दिपमाला,

तुमचे समुद्रावरचे फोटो पाहिले. भाड्याच्या स्कूटीवर दोघं छान दिसता. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. घरी प्रेमराजला हळद लावली तेव्हा रिवाजाप्रमाणे हातात अडकित्ता दिला. हळदीच्या अंगाजवळ लोखंड असलं म्हणजे वाईट काही शिवत नाही, असं आमच्यात मानतात. लग्नासाठी गोव्याला निघताना मी तो त्याच्या हातातल्या बॅगेत ठेवला आणि जळगावच्या विमानतळावर तपासणीत तो निघाला.

प्रेमराजची आत्या तिथल्या जवानाला म्हणाली, "नवरदेवनी राखन शे भाऊ, ऱ्हाऊ द्या."

तो म्हणाला, "मावशी, मला विमानाची राखण करायचीय."

सगळे हसले, मीही हसले. अडकित्ता तिथेच राहिला. लग्न वीस माणसांत गोड झालं. आम्ही पारोळ्याला परतलो, तुम्ही फिरायला थांबलात.

त्याच्या खिशात लोखंडाची किल्ली तरी ठेव, असं तुला लिहिणार होते. पण तो अडकित्ता तुझ्या सासऱ्यांचा. आमच्या लग्नापासून त्यांच्या खिशात असायचा. धुळ्याच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून ते गेले, त्या दिवशीही होता. दवाखान्यातून त्यांच्या कपड्यांबरोबर तो मला परत मिळाला.

हे नव्या नवरीला वाचायला लावणार नाही. आता फोन करते आणि एवढंच विचारते, की फोटोत दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट का नाही.

तुझी सासू,
कमल